आधी मिक्सर, मग ॲम्प

प्रणित, दुकानात वॅट विचारू नकोस.
खोक्यावर पाच हजार छापलेलं असतं
आणि घरी जोडलं की टेबलफॅनएवढं वारं सुटत नाही.
आधी मांडव मोज.
घणसोलीची गल्ली, पत्रे किती खाली,
माणसं बसणार की नाचणार,
बोलणारी तोंडं किती.
तोंडं मोजलीस की दोन मिळव:
एक मामा ऐनवेळी उठतो भाषणाला,
एक गाणं नवऱ्याच्या मित्राच्या फोनमध्ये असतं.
तेवढ्या चॅनलचा मिक्सर घे. फार मोठा नको,
न वापरलेल्या भोकांत धूळ बसते आणि धूळही बोलते.

पेटीच्या पाठीवरचा आकडा वाच.
आठ ओहम, शेजारी आठ ओहम,
दोन्ही एकाच तारेवर, तर सोळा होत नाहीत,
चार होतात.
हे मला हसुरामकाकांनी सांगितलं
ॲम्प जळल्यावर.
ॲम्प माझा होता, हप्ते चालू होते.
तो वास अजून येतो मला, खोबरं करपल्यासारखा.

माईकची वायर लाइटच्या वायरीला बिलगू देऊ नकोस.
ओलांडायचीच असेल तर आडवी ओलांड,
जशी बाई परक्या ओटीवरून जाते, न थांबता.
पेट्या पुढे, माईक मागे.
उलटं केलंस तर पेटी स्वतःचंच ऐकत बसेल
आणि किंचाळेल.
चालू करताना आधी मिक्सर, सगळ्यात शेवटी ॲम्प.

आणि गेन.
फेडर शून्याच्या खुणेवर ठेव, मग माणसाला बोलायला लाव,
‘हॅलो हॅलो’ नको, तो हॅलो खोटा असतो,
त्याला विचार, जेवलास का.
हिरवे दिवे पळू देत, पिवळा मधूनच लागू दे,
लाल लागला की मागे ये.
हे सगळं मला येत होतं, असं मी समजत होतो,
म्हात्र्यांच्या हळदीपर्यंत.

रात्री साडेनऊला धाकलीबाय आल्या, धवलारीण.
पंचाहत्तरच्या पुढे, हातात पानाची पिशवी.
माईक त्यांनी पळीसारखा धरला, तोंडापासून हातभर लांब.
मी गेन वाढवला. पेटी शिट्टी मारू लागली.
पुन्हा वाढवला. पंगतीतली भांडी ऐकू आली,
जनरेटर ऐकू आला, कुणाची तरी पैंजणं,
धाकलीबाय नाही.
पोरं ओरडली, गाणं लाव, गाणं लाव.

त्या माझ्या टेबलाशी आल्या.
दिव्यांच्या रांगेकडे पाहिलं, विस्तवाकडे बघावं तसं.
“मना नको वर चरवू,” म्हणाल्या,
“त्यांना जरा खाली बसव.”

बारा वर्षं करतोय हे काम.
ढोलाचे दोन माईक, बेंजोचा एक, कीबोर्ड, पोरांचा फोन,
सगळ्यांची बोटं धरून एकेक खाली आणली.
खालचा जाडा आवाज कापला,
एक पेटी तर बंदच केली.
ॲम्पच्या पंख्याचा आवाज आला तेव्हा कळलं
किती शांत झालंय.
आणि मग त्या.

देवांची नावं, मग नवरीच्या पणजीचं नाव,
मग मिठागरांची,
जिथे आता सेक्टर आहेत आणि आकडे आहेत.
एकेका मिठागराचं नाव घेताना
मांडवात कुणी ना कुणी म्हातारं मान हलवायचं.
नाचायला आलेला एक पोरगा
आपल्या आज्याला विचारताना मी ऐकला, ही कुठं होती?
माईक अजून हातभर लांबच होता.

म्हणून सांगतो, आवाज हवा असेल तेव्हा
हात आधी दुसऱ्यांच्या फेडरवर जाऊ दे.
ते नाही जमलं तर मग गेन.

बंद करताना उलटं. आधी ॲम्प,
मग बाकीचं, नाहीतर पेटीच्या छातीत धक्का बसतो.
त्या रात्री सगळं बंद करून झाल्यावर
ओट्यावर धाकलीबाय गातच होत्या, पान लावत, कुणासाठीच नाही.
मी वायर गुंडाळत होतो,
आणि गुंडाळीचे फेरे त्यांच्या ठेक्यावर पडत होते,
हे जयदासने हसून दाखवलं.

वायर कोपरावर गुंडाळू नकोस, आत तुटते.
उद्या तळवलीत आहे.
तिथले पत्रे आणखी खाली आहेत.